पुढचा खांदा

पालीहून मिनीडोर पायथ्याच्या वाडीपर्यंत येते. तिथं डांबर संपतं. त्यापुढं भेकरमाळला जायचं तर आपल्या पायांनीच. आधी कातळ चढायचा. त्यात जुन्या कुणीतरी पावलापुरत्या खोबण्या पाडून ठेवल्या आहेत. मग मोठा वहाळ ओलांडायचा आणि मग रान. अंजनी, हिरडा, जांभूळ, आणि त्यांच्या डोक्यांवर वेली अशा गुंतलेल्या की भर दुपारी दिवेलागण झाल्यासारखं वाटतं. पावसाळ्यात दगडादगडावर शेवाळ आणि पायाला जळवा. रान संपलं की एकदम उघडा माळ लागतो आणि त्यावर मूठभर घरं. भाताची खाचरं, उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी, न आटणारा एक झरा. फोनला रेंज मिळते ती गावाबाहेरच्या एका धोंड्यावर उभं राहिलं तर. रस्त्याची आखणी होऊन गेली होती. चुन्याच्या रेघा मारल्या होत्या, त्या पुढच्या पावसात वाहून गेल्या.

रघू इथलाच. खाली कामाला गेलेली माणसं परत येईनाशी झाली, पण रघू गेलाच नाही. अंगाने सडपातळ, बोलायला जेमतेम. त्याला काही विचारलं तर तो आधी ‘हां’ म्हणायचा आणि मग बराच वेळ काहीच म्हणायचा नाही. पण आजूबाजूच्या वाड्यांत त्याचं नाव सगळ्यांना माहीत होतं, ते डोलीमुळे.

भेकरमाळचं आजारी माणूस खाली न्यायचं तर डोलीतूनच. लांब मेसाचा बांबू, त्याला झोळीसारखी बांधलेली गोधडी, वरून प्लास्टिकचा कागद. दोघं खांदा देतात, दोघं बदलीला बरोबर चालतात. पुढचा खांदा रघूचा. त्याच्या आधी तो त्याच्या बापाचा होता, आणि बापाने त्याला एकच गोष्ट शिकवली होती, की पुढच्याने मागं बघायचं नाही. मान वळली की खांदा वळतो, खांदा वळला की बांबू वळतो, आणि मागचा माणूस दरीत जातो. पुढच्याने वाट बघायची, मागच्याने माणूस बघायचं. उतारावर आजाऱ्याचं डोकं वरच्या अंगाला ठेवतात, म्हणजे त्याचं तोंड मागच्याच्या नजरेसमोर राहतं. मागचा खांदा हिरामणचा. हिरामण रघूच्या शेजारचा, बरोबरीचा, लहानपणापासूनचा सोबती. दोघांनी मिळून कितीतरी माणसं खाली उतरवली होती. बाळंतिणी, तापाने फणफणलेले, झाडावरून पडलेले. रघूने वाटेत त्यांच्यातल्या एकाचंही तोंड पाहिलेलं नव्हतं.

रघूची बायको सगुणा अगदी उलट. घरात तिचा आवाज सतत चालू. रानातली शेवळं, टाकळा, कुर्डू, पुढं करवंदं, जांभळं घेऊन ती कातळ उतरून पालीला जायची आणि देवळाबाहेर गाड्यांतून उतरणाऱ्या मुंबईच्या बायकांना ती भाजी कशी करायची ते रागावून सांगायची. “चिंच घाल गं बाय, न्हायतर घसा धरंल. मंग मला शिव्या देशील.” त्यांची एकुलती मुलगी रुचिका आश्रमशाळेत शिकली आणि लग्न होऊन उरणला गेली. तिचा नवरा प्रज्योत बंदरात कंटेनरचा ट्रेलर चालवायचा. रुचिका तिकडं एका गोदामात कामाला लागली होती. घरी आता दोघंच. सगुणा बोलायची, रघू हां म्हणायचा. तसं त्यांचं बरं चाललं होतं.

त्या वर्षी श्रावणात सकाळी उजाडताना सगुणाने चुलीसाठी फाटी काढायला लाकडी माच्याखाली हात घातला. काहीतरी चावलं. मुंगी चावावी इतपतच. तिने हात झटकला, चूल पेटवली, चहा ठेवला. चहा पिताना तिच्या पोटात मुरडा आला. मग ती म्हणाली, “अवो, मला सगळं दोन-दोन दिसतंय.” रघूने तिच्याकडं पाहिलं. तिच्या पापण्या खाली ओढल्यासारख्या झाल्या होत्या. रघूने माच्याखालची फाटी काठीने सारली. आत मण्यार होती, काळीशार, अंगावर पांढरे पट्टे. तिला मारण्यात त्याने वेळ घालवला नाही. हिरामणच्या दारात जाऊन एवढंच म्हणाला, “डोली काढ.”

पाऊस होता. रघू पुढं, हिरामण मागं, बदलीला गावातले दोघं. सुरुवातीला सगुणा झोळीतून बोलत होती. सांजंला कोंबड्या डालायच्यात. चूल विझवली का. हळू चला, घाई करू नका, मी काय पळून जात न्हाय. तिची जीभ जड होत चालली होती, तरी बोलत होती. रानात शिरल्यावर तिचं बोलणं तुटक झालं. पुढं पुढं शब्द कळेनात, नुसता आवाज येत होता. मग तोही थांबला.

“निजली का?” रघूने समोर बघतच विचारलं.

“हां,” हिरामण म्हणाला. “तू चल.”

वहाळाला पाणी चढलेलं होतं, पण उतरता येण्याजोगं होतं. चौघांनी डोली डोक्यावर धरून ओलांडली. पलीकडं गेल्यावर बदलीच्या माणसाने हिरामणला म्हटलं, आण, मी घेतो. हिरामणने बांबू सोडला नाही. एवढंच नव्हे, प्लास्टिकचा कागद त्याने सगुणाच्या तोंडावर ओढून घेतला. पाऊस लागेल म्हणून, असं बदलीच्या दोघांना वाटलं. कातळावर रघू एकेक खोबणी पायाने चाचपत उतरला. खांदा हलला नाही. पायथ्याशी मिनीडोर उभी होती. गावातल्या एका पोराने धोंड्यावरून फोन लावला होता. डोली खाली टेकवून रघू पहिल्यांदा मागं वळला, तेव्हा हिरामण त्याच्या आणि सगुणाच्या मध्ये उभा होता.

“आधी दवाखान्यात चल,” तो म्हणाला.

पालीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं. त्या तरुण होत्या. त्यांनी हातमोजे काढले आणि विचारलं, “मावशींबरोबर कोण आहे?” रघू पुढं झाला. त्या म्हणाल्या, “यांना जाऊन बराच वेळ झालाय, काका. वाटेतच गेल्या.”

“हां,” रघू म्हणाला.

सगळे सोपस्कार होईतो दुपार कलली. रुचिका आणि प्रज्योत उरणहून आले. रुचिकाने दवाखान्याच्या ओसरीवर हंबरडा फोडला. रघू तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. सगळे म्हणाले, पाऊस आहे, वाट वाईट आहे, इथंच खाली करू. रघू म्हणाला, “वर न्यायची.” कुणी वाद घातला नाही. तीच गोधडी, तोच बांबू. पुढचा खांदा पुन्हा त्यानेच घेतला. चढावर तो एकदाही थांबला नाही. माळावर पोचल्यावर त्याने पहिलं काय केलं असेल, तर डालगी घेऊन कोंबड्या गोळा केल्या. बायका बघत राहिल्या.

रघू रडला नाही. पहिल्या दिवशी नाही, दहाव्याला नाही, तेराव्यालाही नाही. तो जेवायचा, ताटात वाढलेलं सगळं संपवायचा. खाचरातलं तण काढायचा. कुणी सगुणाची आठवण काढली तर ऐकून घ्यायचा. गावातल्या मनुबाई म्हणाल्या, “त्याला एकदा रडवा, न्हायतर आतून कुजंल.” पण रडवायचं कसं ते कुणाला ठाऊक नव्हतं. रघूला स्वतःला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं की दुखत वगैरे काही नाही. वहाळात फार वेळ उभं राहिलं की पाय आहेत हे कळतं, पण ते आपले वाटत नाहीत. तसं त्याला सगळंच वाटत होतं.

तेराव्याचं जेवण झाल्यावर हिरामण त्याच्याजवळ येऊन बसला. बराच वेळ त्याने तंबाखू मळली आणि न खाताच टाकून दिली.

“रघू, ती वहाळाच्या अलीकडंच गेली व्हती.”

रघूने समोरची पत्रावळ दुमडली.

“रानातच. मला कळलं व्हतं. तिच्या व्हटावर पावसाचं थेंब पडत व्हतं आनि ती हलत न्हवती. मी तुला बोललो न्हाय. म्हटलं, कातळ उतरायचा हाय. तुझा पाय गेला तर सगळंच जातील. आनि म्हटलं, डाक्टर काय करंल तर करंल.”

“बरं केलंस,” रघू म्हणाला.

“रागावलास?”

“न्हाय.”

ते खरं होतं. रघूला राग आला नव्हता. पण हिरामणला ते खरं वाटेना. शिव्या घातल्या असत्या, हात उगारला असता तर त्याला सुटल्यासारखं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून तो रघूच्या अंगणातून जायचं टाळून मागच्या बांधावरून जाऊ लागला. रघूच्या हे लक्षात यायलाही पुष्कळ दिवस गेले, आणि लक्षात आल्यावरही त्याने काही केलं नाही. त्या पावसाळ्यात आणखी एकदा डोली निघाली, एका म्हाताऱ्याला न्यायला. रघूला कुणी बोलवायला आलं नाही. दारातून जाणारी डोली त्याने पाहिली आणि तो आत गेला.

भात झोडून झाल्यावर रुचिका त्याला न्यायला आली. “आबा, चला. इथं एकटे काय करणार?” रघू लगेच तयार झाला. तिने मनात बरीच भांडणं तयार ठेवली होती, त्यातलं एकही लागलं नाही, याचंच तिला वाईट वाटलं.

उरणला त्यांची जागा तिसऱ्या मजल्यावर होती. खिडकीतून मिठागरं दिसायची, त्यांच्या पलीकडं ट्रेलरच्या रांगा. रघूला तिथं काही त्रास झाला नाही. सकाळी नळाला पाणी यायचं. दुकानातून पाव आणायचं काम त्याने अंगावर घेतलं. दुपारी तो जिन्यात बसून राहायचा. प्रज्योत त्याला एकदा ट्रेलरमध्ये बसवून घेऊन गेला. एवढ्या उंचावरून रस्ता बघून सासरा काहीतरी बोलेल असं त्याला वाटलं होतं. रघू म्हणाला, “मोठी गाडी हाय.” परत येईपर्यंत गाडीत तेवढंच बोलणं झालं.

“आबा, तुम्हाला आईची आठवण येत नाही का हो?” रुचिकाने एकदा भांडी घासता घासता विचारलंच.

रघूने विचार केला. “येते,” तो म्हणाला. “पण ती आल्यावर काय करायचं असतं ते कळत न्हाय.”

रुचिकाने नळ बंद केला आणि ती त्याच्याजवळ येऊन नुसती बसली.

एका दुपारी खालच्या मजल्यावरची बाई चक्कर येऊन पडली. दवाखान्याची गाडी आली, दोन पोरं स्ट्रेचर घेऊन जिना चढली. रघू जिन्यातच होता, बाजूला सरून बघत राहिला. उतरताना पुढचा पोरगा पायरी बघत होता. मागचा मात्र त्या बाईच्या तोंडावरून नजर काढत नव्हता आणि सारखा बोलत होता. “ताई, डोळे उघडा. ताई, नाव सांगा. मुलाचं नाव काय? मोठ्यानं सांगा.” बाई कण्हत कण्हत सांगत होती. गाडी गेली. रघू बराच वेळ तिथंच उभा राहिला. त्याचा उजवा खांदा दुखत होता. कशाने ते त्याला कळलं नाही. उरणला आल्यापासून त्याने पावाच्या पिशवीपलीकडं काही उचललं नव्हतं.

होळीला तो भेकरमाळला गेला तो परत उरणला आलाच नाही. रुचिकाने फोन केला की धोंड्यावर जाऊन ‘बरा हाय’ म्हणायचा. घर साफ केलं, रोपांसाठी राब भाजला, पाऊस लागल्यावर पेरणी केली. एकट्याचं कितीसं असतं, तरी केलं.

हिरामणची सून पूनम तेव्हा गरोदर होती. वरच्या बायका शेवटच्या महिन्यात खाली माहेरी नाहीतर पाव्हण्यांकडं जाऊन राहतात, तसं तिचंही ठरलेलं होतं. नवरा खोपोलीला कारखान्यात होता, तो न्यायला येणार होता. पण त्याआधीच, आषाढातल्या एका सकाळी, तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. पाणी गेलं. मनुबाईंनी पोटावर हात ठेवून पाहिलं आणि म्हणाल्या, “मूल आडवं हाय. माझ्या हातचं न्हाय हे.”

हिरामणने बांबू काढला. गावात पुरुष मोजकेच उरले होते. तो वर्षभरात पहिल्यांदा रघूच्या अंगणात आला आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. रघूने त्याच्या खांद्यावरची गोधडी पाहिली आणि चपला न घालताच बाहेर आला.

पूनमला झोळीत घेतलं. हिरामण सवयीने मागच्या टोकाला गेला. रघू तिथंच येऊन उभा राहिला.

“तू पुढं हो,” तो म्हणाला.

“मी? मला पुढची वाट जमत न्हाय रं.”

“जमंल. मी सांगतो मागनं. माणूस मी बघतो.”

वाद घालायला वेळ नव्हता. हिरामण पुढं झाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्यासमोर नुसती वाट होती. रघूच्या समोर पूनमचं तोंड होतं, घामाने आणि पावसाने भिजलेलं, भीतीने पांढरं पडलेलं. एवढ्या वर्षांत असं तोंड त्याने पाहिलंच नव्हतं. क्षणभर त्याला वाटलं, आपण खांदा टाकून पळून जाऊ. मग तो बोलू लागला. बोलायचं काय ते त्याला ठाऊक नव्हतं. म्हणून जे दिसेल ते तो सांगत सुटला.

“पूनम, डोळं उघड. हा हिरडा आला. बोल, काय आला?”

“हिरडा…”

“हिरामण, डावीकडं दगड सुटा हाय. उजव्या अंगानं जा. पूनम, वर शेकरू हाय बघ.”

“काका, मला न्हाय दिसत.”

“मलाबी न्हाय दिसत. तरी बघ.”

बदलीची माणसं एकमेकांकडं बघू लागली. रघूला एवढं बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. वहाळात हिरामणचा पाय घसरला, डोली कलली, पण रघूने मागून बांबू आवळून धरला. “थांब. पाय रोव. आता टाक.” कातळावर तो एकेक खोबणी आठवून सांगत गेला. ही आखूड आहे, ही ओली असते, इथं टाच लाव. आणि मध्ये मध्ये, “पूनम, बोल. थांबू नको. शिव्या घातल्यास तरी चालंल.” पूनमने खरंच शिव्या घातल्या. नवऱ्याला, सासऱ्याला, भेकरमाळला, रघूलाही. रघू प्रत्येक शिवीला ‘हां’ म्हणत होता.

पालीला पोट फाडून मूल काढायची सोय त्या दिवशी होऊ शकत नव्हती. गाडीतून तिला पुढं मोठ्या दवाखान्यात नेलं. हिरामण आणि रघू मागून मिळेल त्या गाडीने गेले. दुपारी मुलगी झाली. लहानखुरी, पण धडधाकट. पूनमही वाचली. हिरामणने ते ऐकलं आणि तो भिंतीला टेकून खाली बसला.

रघूने टपरीवरून दोन चहा आणले. दोघं दवाखान्याबाहेरच्या कट्ट्यावर बसले. समोर पाऊस पडत होता.

“हिरामण,” रघू म्हणाला, “तवा सगुणा शेवटी काय बोलली?”

हिरामणने कप खाली ठेवला. वर्षभर तो याच प्रश्नाची वाट बघत होता.

“कळलं न्हाय रं. जीभ उचलत न्हवती. काहीतरी बोलत व्हती, दोन-तीनदा बोलली. मी कान दिला, पण न्हाय कळलं.”

“माझ्याकडं बघत व्हती?”

“तुझ्या पाठीकडं,” हिरामण म्हणाला. “पापण्या उघडत न्हवत्या, तरी तिकडंच तोंड व्हतं.”

रघूने मान हलवली. चहा संपवला. मग कप धरलेला हात गुडघ्यावर तसाच ठेवून तो पावसाकडं बघत राहिला. हिरामणला वाटलं आता हा रडेल. रघू रडला नाही. पण हिरामणने घरी जाताना चालायला सुरुवात केली तेव्हा रघू त्याच्या शेजारून चालत होता, आणि दुसऱ्या दिवशी हिरामण मागच्या बांधावरून न जाता अंगणातून गेला.

तेव्हापासून डोली निघाली की रघू मागं असतो. पुढचा खांदा हिरामणला पुरता कधीच जमला नाही. आता एक तरुण शिकतोय, त्याला दोघंही ओरडतात. मागून रघू बोलत असतो. झाडं, दगड, पाखरं, जे दिसेल ते. डोली खाली टेकली की बोलणं संपलं. घरी तो पूर्वीसारखाच गप्प. रुचिका सुट्टीला येते तेव्हा त्याला विचारते, आबा, आता कसं वाटतं? तो म्हणतो, बरं वाटतं. ते तितकंसं खरं नाही हे तिला माहीत आहे, आणि तो खोटंही बोलत नाही हेही.

पूनमच्या मुलीचं बारसं झालं तेव्हा सगळं गाव हिरामणच्या अंगणात जमलं. पूनम मुलीला घेऊन रघूसमोर आली. “काका, नाव तुम्ही सांगायचं. आम्ही ठरवलंय, सगुणा ठेवायचं. तुम्ही हो म्हणा.”

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. रघूने मुलीकडं पाहिलं. ती झोपली होती, मूठ तोंडाशी होती.

“ते नको,” तो म्हणाला.

“का वो?”

“अंगणात खेळंल ती. तुम्ही सगुणा म्हणून हाक माराल आनि मी वळून बघीन.” त्याने मुलीच्या मुठीला बोट लावलं. “दुसरं कायबी ठेवा. चांगली हाय पोरगी.”

कुणी आग्रह केला नाही. पूनमच्या मनात आणखी एक नाव होतं, ते मुलीच्या कानात सांगितलं गेलं. प्राप्ती. मनुबाईंनी घुगऱ्या वाटल्या. रघूने ओंजळ पुढं केली, घुगऱ्या घेतल्या आणि हिरामणच्या शेजारी बसून सगळ्या खाल्ल्या.